मराठी लेखन-अनुवादाचे किती पैसे मागायचे? फ्रीलान्सर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मराठीत शब्दाला चालू रेट काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एका आकड्यात उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ३० पैशे शब्द अशी कामं फिरत असतात, त्याच आठवड्यात कुणीतरी अडीच-तीन रुपयांनी कायदेशीर मजकुराचा अनुवाद करत असतं, आणि जाहिरात एजन्सीचं काम असेल तर शब्दाचा हिशोबच नसतो, अख्ख्या जाहिरातीचे पैसे ठरतात. हे सगळे मराठीतच लिहितायत. त्यामुळे चालू रेट विचारण्यापेक्षा आपल्या एका तासाची किंमत काय ते आधी काढा. ती एकदा हातात आली की शब्द, पान, एपिसोड, पुस्तक, क्लायंट ज्या मापाने विचारेल त्या मापाने सांगता येते.

तासाची किंमत काढायची कशी? मी तर घरून काम करते, खर्च काहीच नाही.

खर्च काहीच नाही असं कसं? समजा पुण्यात राहताय. भाड्यातला वाटा, किराणा, लाइट, येणंजाणं मिळून महिन्याला ३२,००० धरा. मेडिक्लेमचा हप्ता, इंटरनेट, आणि लॅपटॉप चार वर्षांनी बदलावा लागतो म्हणून त्याची दरमहा बाजूला काढायची रक्कम मिळून ५,०००. बचत आणि अडीनडीला ८,०००. टॅक्स, सीएची फी, बारीकसारीक ३,०००. झाले ४८,०००, म्हणजे वर्षाला ५,७६,०००. आकडे तुमचे तुम्ही घाला, जळगावला राहणाऱ्याचे कमी होतील, ठाण्यातल्याचे वाढतील.

आता तास. आपण आठ तास बसतो पण आठ तासांचे पैसे मिळत नाहीत, मेल, फोन, कोटेशन, "जरा एकदा बोलूया का" वाले कॉल आणि पेमेंटची आठवण करणं यात अर्धा दिवस जातो. रोज साडेचार तास खरं लिखाण झालं तरी खूप झालं. महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे शंभर तासांच्या आसपास. आणि बारा महिने काम नसतं हो, मार्चनंतर सुस्ती असते, गणपती-दिवाळीत घरचं असतं, कधी ताप येतो. दहा महिने धरा. हजार तास. ५,७६,००० भागिले १,००० म्हणजे ५७६, सोयीसाठी तासाला ६०० रुपये.

हा आकडा बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो, की एवढे कोण देणार. पण यात चैन कुठे आहे सांगा, हा नुसता जगण्याचा हिशोब आहे. अनुभवाचे पैसे यात अजून धरलेलेच नाहीत.

मग त्यावरून शब्दाचा दर?

घड्याळ लावून बघा. साधा मजकूर, म्हणजे एखाद्या संस्थेचं माहितीपत्रक, अनुवाद करून आणि परत वाचून तासाला ३०० शब्द होत असतील तर ६०० भागिले ३००, शब्दाला २ रुपये. करारनामा किंवा औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र असेल तर प्रत्येक वाक्याला थांबावं लागतं, २०० शब्दच होतात, तिथे ३ रुपये. साड्यांच्या वेबसाइटची ठरावीक साच्यातली वर्णनं असतील तर तासाला ५०० सहज निघतात, मग १ रुपया २० पैशांतही तुमचं नुकसान नाही. दोन फोन करून, माहिती शोधून लिहायचा हजार शब्दांचा लेख सात तास खातो, त्याचे ४,२००. तासाची किंमत सगळीकडे तीच आहे बघा, शब्दाचे दर मात्र चार वेगळे. म्हणून "तुमचा पर वर्ड रेट सांगा" असा मेसेज आला की आधी फाइल मागायची. शिंपीसुद्धा कापड न बघता शिलाई सांगत नाही.

शब्द कुठल्या भाषेतले मोजायचे, इंग्रजीतले की मराठीतले?

हे आधी ठरवलं नाही तर नंतर भांडण ठरलेलं. "द फार्मर्स वेअर सिटिंग अंडर द ट्री" हे सात शब्द. "शेतकरी झाडाखाली बसले होते" हे चार. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, द आणि अ आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना शब्द कमी होतात. प्रत्येक वाक्यात एवढा फरक पडत नाही पण वीस-पंचवीस पानांच्या अहवालात चांगलाच जाणवतो. क्लायंट म्हणाला की तुमच्या फायनल मराठी शब्दांचे पैसे देऊ, तर तुमचा रेट न बोलता खाली आला असं समजा. इंग्रजीतून मराठी करताना मूळ इंग्रजी शब्द मोजा, त्याचा आणखी एक फायदा म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच एकूण रक्कम दोघांनाही माहीत असते. मराठीतून इंग्रजीत जाताना उलटं होतं, तिथे तयार इंग्रजी शब्द मोजा, नाहीतर मूळ मराठी शब्दाचा दर चढा लावा.

आणि फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर वर्डने दाखवलेला शब्दांचा आकडा मानू नका. युनिकोड करायला कन्व्हर्टरमधून काढलं की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, ते हाताने नीट करावं लागतं. हे काम तासावर लावा आणि वेगळं लावा. स्कॅन केलेली पीडीएफ आली तरी तेच, आधी टायपिंग, मग अनुवाद.

क्लायंटने सहा शब्दांची टॅगलाइन हिंदीतून मराठीत करायला सांगितली. बिल १२ रुपयांचं करू का?

अजिबात नको. किमान रक्कम ठरवून ठेवा, काम कितीही छोटं असलं तरी त्याच्या खाली बिल नाही. मी निदान दीड तासाचे पैसे धरा म्हणते, कारण मेल वाचणं, ब्रीफ समजून घेणं, बिल पाठवणं हे सगळं त्या सहा शब्दांनाही लागतंच. टॅगलाइनला तर पर्याय द्यावे लागतात, पाच द्या, मग त्यातले दोन "जरा अजून यंग" करून हवे असतात, मग कुणीतरी मुंबई ऑफिसमधला म्हणतो हे फार पुणेरी वाटतंय. अशा कामाला जाहिरातीमागे एकरकमी आकडा सांगा, त्यात किती पर्याय आणि किती वेळा बदल हे लिहा.

"मशीनने ट्रान्सलेशन केलंय, तुम्ही फक्त नजर टाका" असं म्हणतात आणि निम्मा रेट देतात. घ्यावं का?

हल्ली सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतायत. फक्त नजर टाका या तीन शब्दांत काय दडलेलं असतं ते फाइल उघडल्यावर कळतं. पहिल्या परिच्छेदात वाचकाला तुम्ही, दुसऱ्यात तू, बँक मॅनेजर बाई आहे हे मशीनला माहीतच नाही म्हणून तो आला तो गेला, आणि मधेच एखादं वाक्य इतकं सफाईदार पण अर्थाने उलटं की मूळ इंग्रजी शेजारी ठेवून वाचलं नाही तर सापडणारही नाही. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यासाठी प्रत्येक ओळ ताडून बघावीच लागते.

फाइलच्या मधल्या भागातले पाचशे शब्द घ्या (सुरुवातीचे नको, सुरुवात बरेचदा कुणीतरी सुधारून ठेवलेली असते), ते नीट करून बघा, किती वेळ लागला ते बघा. एक तास लागला तर शब्दाला १ रुपया २० पैसे. पावणेदोन तास लागले तर नव्याने अनुवाद केल्यासारखंच झालं, पूर्ण दर सांगा. "नजर टाकायचा" म्हणून वेगळा स्वस्त दर आधीच छापून ठेवू नका.

नवीन आहे, सुरुवातीला फुकट किंवा अगदी स्वस्तात करावं का?

अडीचशे-तीनशे शब्दांची चाचणी द्यायला हरकत नाही. त्याच्यावर मागितली तर पैसे घ्या. तीन-चार जणांना एकाच पुस्तकाची वेगवेगळी प्रकरणं "सॅम्पल" म्हणून देऊन पुस्तक उरकण्याचे प्रकार होतात. पोर्टफोलिओ नाही म्हणून अडत असेल तर स्वतःच्या मनाने तीन नमुने तयार करा, एक लेख, एक अनुवाद, एक जाहिरात, कुणी विचारत नाही हो की हे छापून आलं होतं का.

दर कमी ठेवायचाच असेल तर तो सुरुवातीची सवलत म्हणून बिलावर दिसू द्या. मूळ रक्कम अमुक, पहिल्या कामाची सवलत अमुक, द्यायची रक्कम अमुक. नाहीतर ६० पैशांनी सुरू केलेल्या क्लायंटला दीड रुपया सांगताना घाम फुटतो.

दिवाळी अंकाचं मानधन कसं ठरवायचं?

तुम्ही ठरवत नाही, अंक ठरवतो. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि आजही मोजके अंक वेळेवर आणि बरे पैसे देतात, बाकी बरेच नुसती अंकाची एक प्रत पाठवतात. मी यात लढाई करू नका म्हणेन. तासाच्या हिशोबात हे बसत नाही, कथा तुम्हाला लिहायचीच होती म्हणून लिहा. पण संपादकांनी विषय देऊन, मुलाखती घेऊन, चार हजार शब्दांचा रिपोर्ताज मागितला तर मानधन किती आणि प्रवासखर्च मिळणार का हे फोनवरच विचारा. विचारलं म्हणून कुणी अंकातून काढत नाही.

पुस्तकाचा अनुवाद: रॉयल्टी घ्यावी की एकरकमी?

गणित करून बघा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती हजार प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या तर ३०,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत. आणि ८०,००० शब्दांच्या पुस्तकाला तासाला ३०० शब्दांनी अडीचशेच्या वर तास लागतात, आपल्या हिशोबाने दीड लाखाच्या पुढे. मराठीत हे दीड लाख फारसं कुणी देत नाही ही वस्तुस्थिती आहे. म्हणून पुस्तकावर घरभाडं अवलंबून ठेवू नका, इतर कामातून भाडं निघत असेल तर पुस्तक घ्या. एकरकमी दिली तर ती फक्त पहिल्या आवृत्तीची आहे का, पुढच्या आवृत्तीला काय, ई-बुक आणि ऑडिओबुकला काय, हे करारात लिहून घ्या. ऑडिओबुक विसरू नका, आता ते मराठीत ऐकणारे बरेच आहेत.

करारात "सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे" असं लिहिलंय. सही करू?

त्या वाक्याचे पैसे मिळत असतील तर करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही पगारी नोकर नसाल तर लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्हीच, आणि हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच धरतो. म्हणजे काही न लिहिणं तुमच्या फायद्याचं आहे आणि म्हणूनच समोरचा "कायमचे, जगभर" असं आवर्जून लिहितो. मग दर त्याप्रमाणे वाढवा.

एका निवृत्त साहेबांना आत्मचरित्र लिहून हवंय, नाव त्यांचं. किती सांगू?

महाराष्ट्रात हे काम भरपूर आहे, निवृत्त अधिकारी, कारखान्याचे चेअरमन, बिल्डर, सगळ्यांना साठी-पंचाहत्तरीला पुस्तक हवं असतं आणि समारंभाची तारीख आधी ठरलेली असते. पैसेही बरे असतात. पण शब्दावर कधीच घेऊ नका, कारण लिहिणं हा यातला छोटा भाग. पंधरा-वीस तासांच्या मुलाखती, त्या उतरवून काढणं (बोललेल्या एका तासाला उतरवायला चार-पाच तास लागतात), जुनी कात्रणं आणि फोटो चाळणं, साहेबांच्या मिसेसचं म्हणणं, मुलाचं म्हणणं, मग "त्या अमक्याचं प्रकरण काढून टाका" आणि आठवड्याने "परत घाला". सगळे तास मांडा, त्यात तीस टक्के वाढवा, आणि नाव तुमचं नाही याचे वेगळे पैसे लावा कारण हे काम पुढे कुणाला दाखवता येणार नाही.

पैसे हप्त्यांत घ्या. सुरुवातीला ३० टक्के, अर्धं हस्तलिखित दिल्यावर ४०, छपाईला जायच्या आधी ३०. छपाईला जायच्या आधी हं, प्रकाशन समारंभानंतर नाही. समारंभानंतर साहेब युरोपला असतात.

टीव्ही सीरियलसाठी संवाद लिहायची ऑफर आहे.

तिथे एपिसोडमागे पैसे असतात, कथा, पटकथा आणि संवाद बरेचदा तीन वेगळी माणसं लिहितात आणि पेमेंट ९० दिवसांनी येतं, म्हणजे पहिले तीन महिने हातात काही नाही हे धरूनच चला. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन मेंबर होऊन स्क्रिप्ट रजिस्टर करू देते, मराठीत मालिका-नाटक-चित्रपट लेखकांची मानाचि ही संघटना आहे, सही करायच्या आधी तिथल्या जुन्या मेंबरला करार दाखवा. नाटकाला प्रयोगामागे मानधन असतं, आणि प्रयोग किती झाले ते पेपरातल्या जाहिरातीत दिसतंच.

टीडीएस कापला म्हणजे पैसे गेले का?

नाही. टीडीएस म्हणजे तुमच्या बिलातून आधीच कापलेला इन्कम टॅक्स. बहुतेक कंपन्या १० टक्के कापून तुमच्या पॅनवर भरतात, २०२५ च्या एप्रिलपासून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की कापतात, आधी ही मर्यादा ३०,००० होती. काही जण तुम्हाला कॉन्ट्रॅक्टर धरून १ टक्काच कापतात. रिटर्न भरलं की हिशोबात येतात, जास्त कापले असतील तर परत मिळतात. फक्त त्यांनी खरंच भरलेत का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघत जा. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात.

जीएसटीबद्दल एवढंच, महाराष्ट्रात वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर नुसत्या लेखनासाठी नंबर घ्यायची गरज नाही. अकाउंट्सवाले नंबर नाही तर व्हेंडर करता येत नाही म्हणाले तर नोंदणी लागू नाही असं साधं पत्र सही करून द्या, बहुतेक ठिकाणी चालतं.

काम देऊन तीन महिने झाले, पैसे नाहीत. फोन उचलत नाहीत.

आधी हे आजच करा: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, फ्रीलान्स लेखकालाही सेवा म्हणून करता येते. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे, त्यानुसार अशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. आणि २०२४ पासून कंपनीला असं थकवलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांच्या अकाउंटंटला तुमची आठवण येते. पण नोंदणी कामाच्या आधीची हवी, पैसे अडकल्यावर केलेली त्या जुन्या बिलाला उपयोगी पडेल असं धरू नका.

नोंदणी नसेल तर आधी लेखी मेल, मग वकिलाची नोटीस. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून सगळं फोनवर बोलत बसू नका, काहीतरी लेखी राहू द्या.

ऑफर लेटर वगैरे नाही, सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. लिहून काय घ्यायचं?

व्हॉट्सअॅपवरच लिहा, पण लिहा. असं काहीतरी:

"नमस्कार मॅडम, फाइल बघितली. ६,४०० इंग्रजी शब्द आहेत. अनुवाद आणि एकदा दुरुस्ती धरून शब्दाला २ रुपये, एकूण १२,८००. निम्मे सुरू करताना, निम्मे काम दिल्यापासून १५ दिवसांत. अॅडव्हान्स आल्यापासून सात कामाचे दिवस लागतील. मूळ फाइल मधे बदलली किंवा दुसऱ्यांदा बदल निघाले तर तासाला ६००. चालेल असं कळवलंत की सुरू करते."

त्यांचं "ओके" आलं की पुरे. नुसता अंगठा पाठवला तर "म्हणजे सुरू करू ना?" असं विचारून शब्दांत उत्तर घ्या.

जुन्या क्लायंटला रेट वाढवलाय हे कसं सांगायचं?

दोन महिने आधी, लेखी, कारणं न देता. "१ एप्रिलपासून माझा दर अमुक होतोय, हातातली कामं जुन्याच दराने पूर्ण करेन." महागाई, मुलाची फी, आईचं ऑपरेशन हे काही लिहू नका, लिहिलं की त्यावर चर्चा सुरू होते. एखादा सोडून जाईल. जो जाईल तो बहुतेक वेळा रविवारी रात्री फोन करणाराच असतो.

नात्यातल्या लोकांचं काय? लग्नपत्रिका, सत्काराचं मानपत्र, कुणाच्या साठीची कविता...

मानपत्राचे पैसे घ्या, ते मंडळाच्या खर्चातून जातात, आणि मंडपवाल्याला, हारवाल्याला दिलेत तसे तुम्हालाही देतील. लग्नपत्रिका सख्ख्या घरातली असेल तर फुकट, पण प्रूफ तुम्हीच तपासा, नाहीतर नावातली वेलांटी चुकली की बोल तुम्हालाच. कविता करत नाही म्हणून सांगा.